आधी पाहणी, मग जीर्णोद्धार

महाराष्ट्रात आणि गोव्यात सध्या जुन्या प्रार्थनास्थळांच्या दुरुस्तीची मोठी लाट आली आहे. २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने आठ प्राचीन मंदिरांचं जतन हाती घ्यायचं ठरवलं. त्यात राजापूरचं धूतपापेश्वर, खिद्रापूरचं कोपेश्वर, कार्ल्याची एकवीरा, सिन्नरचं गोंदेश्वर, औरंगाबादजवळच्या सातारा गावचा खंडोबा, बीड जिल्ह्यातलं पुरुषोत्तमपुरीचं देऊळ, अमरावती जिल्ह्यातल्या लासूरचं आनंदेश्वर आणि गडचिरोलीतलं मार्कंडा ही मंदिरं होती. पंढरपूर, जेजुरी, कोल्हापूर आणि तुळजापूर इथे वेगवेगळ्या आराखड्यांनुसार कामं निघाली. गोव्यात नार्व्याच्या सप्तकोटेश्वर मंदिराचं नूतनीकरण होऊन फेब्रुवारी २०२३ मध्ये ते भाविकांसाठी खुलं झालं. १६६८ मध्ये याच देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी करवला होता. मुंबईतलं केनेसेथ एलियाहू सिनेगॉग आणि भायखळ्याचं ग्लोरिया चर्च यांच्या दुरुस्तीला २०१९ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला.

या कामांमागे आस्था आहे आणि आता पैसाही आहे. अजूनही कमी पडते ती कामाआधीची पाहणी. इमारतीला नेमकं काय झालं आहे, ते कशामुळे झालं आणि कशाला हात लावायचा नाही, या तीन प्रश्नांची उत्तरं मिळण्याआधीच बहुतेक ठिकाणी वर्गणी गोळा होते, भूमिपूजनाची तारीख ठरते आणि संगमरवराचे नमुने मांडले जातात. गेल्या काही दशकांत आपल्या जुन्या देवळांचं आणि चर्चचं जे नुकसान झालं, त्यातलं बरंचसं चांगल्या हेतूने केलेल्या दुरुस्त्यांमुळे झालं आहे. म्हणून या लेखात आधी पाहणीचा आणि त्यानंतर जीर्णोद्धाराचा आढावा घेतला आहे.

पाहणीत काय येतं

चांगली पाहणी मोजमापापासून सुरू होते. जोत्यापासून कळसापर्यंत प्रत्येक थर कागदावर उतरवायचा, प्रत्येक दगडाची आणि प्रत्येक तड्याची नोंद करायची. हे काम पूर्वी फीत आणि ओळंबा घेऊन होत असे, आज लेझर स्कॅनिंगने काही दिवसांत होतं. अशा मोजणीचं मोल किती असतं, हे पॅरिसच्या नोत्र दामने दाखवून दिलं. एप्रिल २०१९ मध्ये त्या कॅथेड्रलचं लाकडी छप्पर जळालं, तेव्हा आधी करून ठेवलेली लेझर मोजणी पुनर्बांधणीला उपयोगी पडली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये ते पुन्हा उघडलं. आपल्याकडच्या हजारो गावदेवळांचा साधा नकाशाही कुठे उपलब्ध नाही.

मोजणीनंतर तड्यांकडे वळायचं. तडा दिसला की तो भरून टाकायची घाई होते. पण तो जुना आणि थांबलेला आहे की अजून वाढतो आहे, हे आधी कळायला हवं. त्यासाठी तड्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवून ठेवतात. भिंत हलली तर काच तडकते. ही तपासणी निदान एक पावसाळा आणि एक उन्हाळा चालली, तरच तिला अर्थ असतो, कारण काळ्या मातीत उभी असलेली इमारत पावसाळ्यात फुगणाऱ्या आणि उन्हाळ्यात आकसणाऱ्या जमिनीबरोबर हलत असते. पाया न उकरता जमिनीखालचा अंदाज घेण्यासाठी रडार तपासणी होते. भिंतीतला ओलावा मोजता येतो. जुन्या चुन्याचा तुकडा प्रयोगशाळेत नेला, तर त्यात वाळू किती, विटेची भुकटी किती हे समजतं, आणि नवा चुना त्याला जुळेल असा मळता येतो.

रंगाच्या थरांचीही अशीच तपासणी होते. १८८४ मध्ये जेकब ससून यांनी वडिलांच्या स्मरणार्थ बांधलेलं मुंबईतलं केनेसेथ एलियाहू सिनेगॉग कित्येक वर्षं त्याच्या ठळक निळ्या रंगासाठी ओळखलं जात होतं. दुरुस्तीच्या वेळी थर खरवडून पाहिल्यावर मूळ रंगसंगती वेगळीच असल्याचं दिसलं. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली इमारतीला ती मूळ रंगसंगती परत देण्यात आली. डोळ्यांना सरावलेलं रूप आणि इमारतीचं मूळ रूप यांतला फरक अशा तपासणीतूनच कळतो.

पहिला शत्रू पाणी

कोणत्याही जुन्या प्रार्थनास्थळाची तपासणी करणारा जाणकार पहिल्यांदा पाण्याची वाट शोधतो. पाऊस छपरावर पडतो तिथून तो कुठे जातो? पन्हाळी मोकळ्या आहेत का? गाभाऱ्यातलं अभिषेकाचं पाणी गोमुखातून बाहेर पडल्यावर कुठे मुरतं? आवारातली जमीन देवळाच्या जोत्यापेक्षा वर तर गेलेली नाही ना? हा शेवटचा प्रश्न आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे. रस्त्यावर दरवेळी डांबराचा नवा थर चढतो, आवारात फरशीवर फरशी बसते आणि हळूहळू देऊळ खड्ड्यात जातं. मग पावसाचं पाणी बाहेर जाण्याऐवजी आत येतं आणि भिंती खालून ओल ओढू लागतात. त्या ओलीबरोबर क्षार वर चढतात. पाणी सुकलं की दगडाच्या पृष्ठभागामागे क्षारांचे स्फटिक तयार होतात आणि दगडाचा पापुद्रा सुटतो. कोरीवकाम याच पापुद्र्यात असतं.

छतावर उगवणारे वड, पिंपळ आणि उंबर हा पाण्याच्याच कहाणीचा पुढचा भाग. पक्ष्याच्या विष्ठेतून पडलेलं बी दगडाच्या सांध्यातल्या मातीत रुजतं आणि काही वर्षांत त्याची मुळं शिळा बाजूला सारू लागतात. पिंपळ तोडायचा नाही या श्रद्धेमुळे रोप लहान असतानाच काढण्याची वेळ निघून जाते. बोटभर उंचीचं रोप दरवर्षी पावसाळ्यानंतर उपटणं हा शिखर वाचवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. मूळ खोल गेल्यावर झाड ओढून काढलं, तर दगडही बरोबर येतात. तेव्हा ते टप्प्याटप्प्याने मारावं लागतं आणि पोकळी चुन्याने भरावी लागते.

सिमेंट, ऑइलपेंट आणि फरशी

पाण्यानंतरचा सर्वांत मोठा उपद्रव आपणच आणला आहे. जुन्या इमारती चुन्यात बांधलेल्या आहेत. चुनखडी भाजायची, कळीचा चुना विझवायचा, तो महिनोनमहिने मुरवायचा आणि घाणीत वाळूबरोबर घोटायचा, अशी ही पद्धत. त्यात गूळ, हिरड्याचं पाणी, बेलफळाचा गर असे पदार्थ प्रदेशानुसार घालत. असा चुना सावकाश घट्ट होतो. तो इमारतीची बारीकसारीक हालचाल सोसतो आणि भिंतीतली ओल बाहेर जाऊ देतो. सिमेंट याच्या उलट वागतं. ते कडक असतं, ओल कोंडतं आणि स्वतःबरोबर विद्राव्य क्षारही आणतं. चुन्याच्या भिंतीच्या दरजा सिमेंटने भरल्या, की ओलीला बाहेर पडायला मऊ दगडच उरतो. मग दरज शाबूत राहते आणि दगड झिजत जातो. जुन्या घाटांवर आणि ओवऱ्यांवर दगड आत गेलेले आणि सिमेंटच्या रेघा पुढे आलेल्या दिसतात, त्याचं कारण हेच.

ऑइलपेंटचीही तीच गत. काळ्या पाषाणाच्या मूर्तिपटावर चकचकीत रंग चढवला, की दोन-चार वर्षं देऊळ उठून दिसतं. आत ओल साचत राहते. पुढे तो रंग काढण्यासाठी कोणी वाळूचा मारा करतं आणि शिल्पाच्या बोटांवरची, दागिन्यांवरची बारीक धार कायमची जाते. रंग रसायनाच्या लेपाने मऊ करून, हाताने, इंच इंच काढावा लागतो. त्याला वेळ लागतो आणि शिकलेली माणसं लागतात.

फरशी आणि चांदीचे पत्रे हा तिसरा थर. पंढरपूरच्या विठ्ठल-रुक्मिणी मंदिरात सुमारे ७३ कोटी रुपयांच्या आराखड्यानुसार काम सुरू झालं. २०२४ मध्ये गाभारा आणि त्याच्या पुढच्या भागातली चांदी आणि चकचकीत फरशी काढली, तेव्हा खालचा काळा पाषाण पुन्हा दिसला. मेअखेरीस याच कामात आवारात एक तळघर सापडलं आणि त्यात जुन्या मूर्ती मिळाल्या. तुळजापुरात गाभाऱ्याच्या भिंतींवरच्या फरशा काढल्यावर मागच्या शिळांना गेलेले तडे दिसले. कोल्हापूरच्या अंबाबाई मंदिरात गरुड मंडपाचे लाकडी खांब तळाशी कुजलेले निघाले. अशा ठिकाणी एक गोष्ट लक्षात येते. सजावटीचा थर इमारतीचा आजार झाकतो, आणि ज्यांनी तो बसवला त्यांना देवाची सेवाच करायची होती.

कोकणात हे नुकसान अधिक वेगाने होतं आहे. जांभ्याच्या भिंती, सागवानी किंवा फणसाचे खांब, उतरतं कौलारू छप्पर, प्रशस्त सभामंडप अशी तिथल्या देवळांची घडण आहे. चार महिन्यांच्या मुसळधार पावसाला तिने शतकानुशतकं तोंड दिलं. कौलं दरवर्षी परतावी लागतात आणि वाशांना वाळवी लागते, म्हणून आता अनेक गावांत सबंध देऊळ पाडून स्लॅबचं नवं देऊळ उभं राहतं. गोव्यातही हेच घडतं आहे. नव्या देवळाच्या खर्चाच्या लहानशा भागात जुन्या देवळाचे किडलेले वासे बदलून झाले असते. स्लॅबमधल्या सळया समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत गंजतात आणि काही दशकांत तो गळू लागतो, हा हिशेब ठराव करताना कोणी मांडत नाही.

गोव्याचा गिलावा

चांगल्या हेतूने झालेल्या चुकीची सर्वांत जास्त शिकवण देणारी कहाणी जुन्या गोव्यात आहे. बॉम जीझस बॅसिलिकाचं बांधकाम १५९४ मध्ये सुरू झालं, १६०५ मध्ये ते पवित्र करण्यात आलं. संत फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष तिथे आहेत, आणि १९८६ पासून जुन्या गोव्यातली चर्च व मठ युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. भिंती जांभ्याच्या आणि त्यांच्यावर चुन्याचा गिलावा, असं या चर्चचं मूळ रूप होतं. १९५० च्या दशकात, पोर्तुगीज राजवटीतच, जुनेपणाचा भास यावा म्हणून वास्तुविशारद बाल्तझार कास्त्रो यांच्या देखरेखीखाली बाहेरचा गिलावा उतरवण्यात आला. तेव्हापासून जांभा उघडा आहे.

जांभा सच्छिद्र असतो. खाणीतून काढल्यावर तो वाऱ्याने कडक होतो, पण मोसमी पावसाचा सततचा मारा त्याला सोसत नाही. पाणी आत शिरतं, दगड भुसभुशीत होतो आणि कडा गळतात. २०२० मध्ये छताच्या कामात पावसाचं पाणी आत येण्याची भीती निर्माण झाली, तेव्हा चर्चच्या धर्मगुरूंनी भिंतींना पुन्हा गिलावा करण्याची मागणी जाहीरपणे लावून धरली. दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं, की सत्तर वर्षांत लाल दगडाचं हे रूपच बॅसिलिकाची ओळख बनलं आहे, आणि जगाने वारसा म्हणून मान्यता दिली ती याच रूपाला.

माझ्या मते धर्मगुरूंची मागणी रास्त आहे. गिलावा हा त्या भिंतीचा कातडीसारखा भाग होता, आणि तो काढण्यामागे बांधकामाचं कोणतंही कारण नव्हतं. एक भाग निवडून चुन्याचा गिलावा करावा, दोन-तीन पावसाळे भिंतीतली ओल मोजावी आणि मग पुढचं ठरवावं. वाद मिटवायचा मार्ग असा मोजमापातूनच जातो. लोकांना सवय झाली म्हणून भिंत भिजत ठेवणं, हा वारसा जपण्याचा मार्ग नव्हे.

पूजेची झीज आणि पूजेचा आधार

प्रार्थनास्थळ हे किल्ल्यासारखं किंवा लेण्यासारखं नुसतं पाहायचं स्थळ नाही. तिथे रोज पाणी, दूध, तेल, तूप, कापूर, धूप आणि हजारो हातांचा स्पर्श असतो. पाहणी करणाऱ्याने हा सगळा भार मोजायला हवा. उज्जैनच्या महाकालेश्वर मंदिराची आजची वास्तू अठराव्या शतकात राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी उभारली. तिथल्या शिवलिंगाची झीज सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. तज्ज्ञ समितीच्या शिफारशींनंतर अभिषेकाला शुद्ध केलेलं पाणी, पंचामृतावर प्रमाणाची मर्यादा आणि लिंग घासण्यास मनाई असे नियम आले. २०२० मध्ये न्यायालयाने ते आणखी कडक केले. पूजा थांबली नाही, तिची पद्धत बदलली.

कोल्हापुरात अंबाबाईच्या मूर्तीला १९५५ मध्ये वज्रलेप (झीज रोखणारा लेप) झाला होता, आणि २०१५ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने तिचं रासायनिक संवर्धन केलं. अभिषेक मूळ मूर्तीऐवजी उत्सवमूर्तीवर होऊ लागले. पंढरपुरात २०२४ च्या मार्चपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत पदस्पर्श दर्शन बंद ठेवून दिवसातले काही तास मुखदर्शन चालू ठेवलं, आणि आषाढीपूर्वी गाभारा पुन्हा खुला झाला. वारीचं पंचांग समोर ठेवून कामाचं वेळापत्रक आखता येतं, हे त्यातून सिद्ध झालं. आपल्या परंपरेतही याची सोय आहेच. जीर्णोद्धाराच्या काळात विधिपूर्वक देवाचं तेज कलशात घ्यायचं, दुसरीकडे पूजा चालू ठेवायची आणि काम संपल्यावर पुनःप्रतिष्ठा करायची. मुंबईच्या अग्यारींमध्ये बिगरपारशांना प्रवेश नसतो, त्यामुळे तिथे कोण आत जाऊन मोजणी करणार, कोण काम करणार, हे धर्माच्या नियमात बसवूनच ठरवावं लागतं. मेट्रो-३ च्या भुयारामुळे काळबादेवीच्या दोन आतशबेहरामांना (मोठ्या अग्निमंदिरांना) हादरे बसतील आणि विहिरींच्या पाण्याला बाधा येईल, अशी चिंता पारशी समाजाने २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात मांडली होती. इमारतीची पाहणी कुंपणाच्या आत संपत नाही, हे त्यावरून लक्षात येतं. कोल्हापूरच्या किरणोत्सवात मावळतीची किरणं देवीपर्यंत पोहोचण्यात बाहेरच्या बांधकामांचा अडथळा येतो, तोही याच खात्यात मोडतो.

वापराने झीज होते, पण वापर थांबला तर इमारत अधिक लवकर जाते. जुन्या गोव्यातलं सेंट ऑगस्टीन चर्च १८३५ मध्ये ओस पडलं आणि १८४२ मध्ये त्याची कमान कोसळली. १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा हिस्साही पडला. आज सुमारे ४६ मीटर उंचीच्या मनोऱ्याचा तुकडा उभा आहे. कोकणातल्या आणि मुंबईतल्या बेने इस्रायली या यहुदी समाजाच्या सिनेगॉगांपुढे हाच धोका आहे. मांडवीचं शार हारहामीम सिनेगॉग १७९६ चं, म्हणजे मुंबईतलं सर्वांत जुनं. मराठी बोलणाऱ्या या समाजातले बहुतेक लोक १९४८ नंतर इस्रायलला गेले. मागे राहिलेल्या मोजक्या कुटुंबांवर एवढ्या वास्तूंची देखभाल सोपवून बाकीच्यांनी स्वस्थ बसणं योग्य नाही. त्या जितक्या यहुदी आहेत, तितक्याच मराठी प्रदेशाच्याही आहेत.

किती पूर्ववत करायचं?

पाहणीनंतरचा सर्वांत कठीण प्रश्न हा. स्मारकांच्या जतनाविषयीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेत म्हटलं आहे, की जिथे तर्क सुरू होतो तिथे पुनर्स्थापना थांबली पाहिजे. १०६० च्या अंबरनाथच्या शिवमंदिराचं शिखर वरून भग्न आहे. ते कसं होतं हे ठामपणे सांगणारा पुरावा नसताना नवं शिखर चढवणं म्हणजे अकराव्या शतकाच्या नावावर एकविसाव्या शतकाची कल्पना खपवणं. खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरातल्या स्वर्गमंडपाच्या माथ्यावरचं खुलं वर्तुळ पाहून तिथे छत घालावं असं कोणाला वाटलं, तर तेही चूकच. ते मोकळं आकाश हाच त्या वास्तूचा आत्मा आहे.

पण हा नियम जिवंत देवळाला जसाच्या तसा लावता येत नाही. भग्न मूर्ती पूजेत ठेवत नाहीत आणि कोसळता कळस भाविक सोसत नाहीत. १९९४ च्या नारा दस्तऐवजाने मान्य केलं, की अस्सलपणाची कसोटी प्रत्येक संस्कृतीत वेगळी असू शकते. इंटॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या २००४ च्या सनदेने भारतातल्या पारंपरिक कारागिरांचं ज्ञान हाही वारसाच मानला. त्रिशूरच्या वडक्कुन्नाथन मंदिराला २०१५ मध्ये युनेस्कोचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, तो परंपरागत बांधकामज्ञानाने केलेल्या कामासाठी. घृष्णेश्वर नव्याने उभारणाऱ्या अहिल्याबाई होळकरांनाही जुनं जसंच्या तसं ठेवायचं नव्हतं, त्यांना देवस्थान नांदतं ठेवायचं होतं.

म्हणून मला मधली रेघ अशी ओढावीशी वाटते. ज्यावर इमारत उभी आहे, ते घटक खराब झाले असतील तर त्याच जातीच्या साहित्याने आणि त्याच पद्धतीने बदलावेत. शिल्प आणि लेख यांना नवं रूप देऊ नये, फक्त टिकवावं. नवा भाग जोडावा लागला तर तो जुन्याशी जुळावा, पण बारकाईने पाहणाऱ्याला नवा म्हणून ओळखता यावा, आणि त्याची तारीख नोंदवहीत असावी.

कायदा आणि कारभार

१९५८ चा केंद्रीय कायदा आणि १९६० चा राज्याचा कायदा संरक्षित स्मारकांना लागू होतात. २०१० च्या दुरुस्तीने केंद्रसंरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत नियंत्रण आलं. मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली आहे. पण महाराष्ट्रातली बहुसंख्य जुनी देवळं, दर्गे आणि चर्च कोणत्याही यादीत नाहीत. त्यांचा कारभार विश्वस्त मंडळं बघतात. एकट्या पश्चिम महाराष्ट्र देवस्थान समितीच्या अखत्यारीत सुमारे तीन हजार देवळं आहेत. तिथला विश्वस्त वाईट नसतो, त्याला सल्ला द्यायला कोणी नसतं. तो ओळखीच्या ठेकेदाराला बोलावतो, आणि ठेकेदाराला सिमेंट येतं, चुना येत नाही.

सरकारी कामाची अडचण वेगळी आहे. सर्वांत कमी दराची निविदा आणि मार्चअखेरची मुदत, या दोन्ही गोष्टी चुन्याच्या कामाला मारक आहेत. चुना मुरायला वेळ लागतो आणि तो वेळ अंदाजपत्रकात बसत नाही. जाणता पाथरवट किंवा घाणीवर चुना घोटणारा गवंडी दराच्या तक्त्यात सापडत नाही. काम अर्धवट सोडलं तर सुटे केलेले दगड वर्षानुवर्षं आवारात पडून राहतात, त्यांच्यावर घातलेले क्रमांक पुसले जातात आणि पुन्हा जुळवणी करणं अवघड होऊन बसतं.

आता काय करावं

प्रत्येक विश्वस्त मंडळाने एक नोंदवही सुरू करावी. त्यात इमारतीची छायाचित्रं, तड्यांची जागा, गळतीची ठिकाणं आणि झालेली प्रत्येक दुरुस्ती तारखेसह लिहावी. दरवर्षी मे महिन्यात पन्हाळी, मोऱ्या, कौलं आणि शिखर तपासावीत, आणि पावसाळा संपल्यावर रोपं उपटावीत. मोठं काम काढण्याआधी पुरातत्त्व जाणणारा, संरचनेचा अभियंता, गवंडी आणि पुजारी यांना एकत्र बसवावं, कारण प्रत्येकाला इमारतीची वेगळी बाजू माहीत असते. शासनाने निधीची पहिली रक्कम निव्वळ पाहणीसाठी द्यावी, आणि अहवाल पूर्ण झाल्याशिवाय पुढची रक्कम सोडू नये. जिल्ह्याला निदान एक चुन्याची घाणी आणि चार शिकाऊ गवंडी उभे राहिले, तर आज निविदेत न सापडणारे हात दहा वर्षांत गावोगाव सापडतील.

हा खर्च फार नाही. एका नव्या स्लॅबच्या किंवा एका संगमरवरी गाभाऱ्याच्या रकमेत अनेक गावांच्या देवळांची, चर्चची, मशिदींची आणि सिनेगॉगांची नीट पाहणी होऊ शकते. ज्या गावात जीर्णोद्धाराची सभा ठरली असेल, तिथल्या लोकांनी वर्गणी देण्याआधी विश्वस्तांकडे पाहणीचा अहवाल मागावा. तो तयार नसेल, तर सभेचा पहिला ठराव पाहणीचाच करावा.